इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरांची संघटना चालवायला घेताना: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या पदाधिकाऱ्यांसाठी

आयसीयूत वीस सिस्टर असतात, ओटीत दहा असतात, पण इन्फेक्शन कंट्रोल नर्स बहुतेक हॉस्पिटलांत एकटीच असते. ती सगळ्यांच्या चुका लिहून घेते, म्हणून कँटीनमध्ये ती आली की टेबलावरच्या गप्पा जरा बदलतात. मोठ्या सर्जनना हात धुवायची आठवण तिनेच करायची, वेगळ्या डब्यात टाकायची सुई कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत कशी गेली हे मावशींना तिनेच विचारायचं आणि महिनाअखेरीला आकडे वाढले की मेडिकल सुपरिंटेंडेंटसमोर तिनेच उभं राहायचं. संसर्ग झाला तर तो तिच्या नावावर पडतो. झाला नाही, तर काही घडलंच नाही म्हणून कुणाला कळतही नाही.

संघटना या एकट्या सिस्टरसाठी असते. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा एका छोट्या संघटनेची चार वर्षं अध्यक्ष होते. आता नवीन मुली पुढे येताहेत आणि 'ताई, सुरुवात कुठून करू?' असं विचारतात. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत होते, ते इथे सलग लिहिते आहे.

आधी फिरा, कार्यक्रम नंतर

पहिले दोन महिने एकही कार्यक्रम ठरवू नका. बॅनर नको, उद्घाटन नको. एक वही घ्या आणि माणसांना भेटा. आपल्या भागात कळव्याचं महापालिकेचं मोठं हॉस्पिटल आहे, ठाण्याचं सिव्हिल आहे, वाशीचं महापालिका रुग्णालय आहे, नेरूळ-कामोठ्याची मेडिकल कॉलेजं आहेत, खारघरला टाटाचं कॅन्सर केंद्र आहे, कॉर्पोरेट हॉस्पिटलं आहेत. तिथल्या सिस्टर सहज सापडतात. खरी शोधाशोध पुढे आहे. नौपाड्यात, कोपरीत, ऐरोलीत, घणसोलीत पहिल्या मजल्यावर पंधरा-वीस खाटांची नर्सिंग होम असतात. तिथली एकच सिस्टर ओटी लावते, रजिस्टर भरते, कचऱ्याच्या पिशव्यांना बारकोड लावते आणि कागदोपत्री इन्फेक्शन कंट्रोल नर्सही तीच असते. तिला तुमची गरज सगळ्यात जास्त आहे आणि तिच्यापर्यंत कुठलंच पत्रक पोचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितलं की २५० खाटांमागे किमान एक पूर्णवेळ, प्रशिक्षित इन्फेक्शन कंट्रोल कर्मचारी हवा, आणि मोठ्या, गुंतागुंतीच्या हॉस्पिटलांत १०० खाटांमागे एक असावा. हे प्रमाण पाठ करून ठेवा, पुढे पत्रं लिहिताना लागेल. पण वहीत प्रत्येकीसमोर वेगळी गोष्ट लिहा: या कामासाठी तिला दिवसातले प्रत्यक्ष किती तास मिळतात? 'पूर्णवेळ' म्हणून नेमणूक असलेली सिस्टर सुट्ट्यांच्या दिवसांत वॉर्डात ड्युटी करताना दिसेल. हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाही.

सभासद फक्त सिस्टर नसाव्यात. सीएसएसडीचा, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाचा टेक्निशियन, डायलिसिसचा टेक्निशियन, हाउसकीपिंगचे सुपरवायझर, मायक्रोबायोलॉजिस्ट हे सगळे याच साखळीतले. माझं एक ठाम मत आहे. कार्यकारिणीत निम्म्याहून जास्त जागा नर्सिंगच्या असाव्यात आणि अध्यक्ष सिस्टर किंवा ब्रदर असावा. डॉक्टर मंडळी मनापासून मदत करतात, त्यांच्या ज्ञानाशिवाय चालत नाही. पण डॉक्टर व्यासपीठावर बसले की सिस्टर आपोआप मागच्या खुर्च्यांवर जातात आणि प्रश्न विचारणं बंद होतं. हे मी दोन सभांत डोळ्यांनी पाहिलं आणि तिसऱ्या सभेपासून खुर्च्या गोलात मांडल्या.

वेळ आणि जागा

सकाळची ड्युटी सुटते दोन-तीनला. साडेतीन ते पाच ही वेळ जमते, त्यापुढे घरची ओढ लागते आणि गाड्यांना गर्दी होते. ठाणे-वाशी-नेरूळची ट्रान्स-हार्बर लोकल ही आपली मुख्य वाट, म्हणून हॉल ठाणे, वाशी किंवा नेरूळ स्टेशनपासून दहा मिनिटं चालत असावा. ठाण्यात नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मला उतरणाऱ्या बाईला पुढे रिक्षाची रांग लावावी लागली तर ती पुढच्या वेळी येत नाही. दोन महिन्यांतून एक सभा पुरते. मोबाइलवरच्या बैठका व्याख्यानापुरत्या ठीक. मन मोकळं करायचं तर समोरासमोरच बसावं लागतं.

संघटनेचा फोन

माझ्या लेखी संघटनेचं सगळ्यात मोठं काम हेच आहे, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

एका रात्री पावणेअकराला एका सभासद सिस्टरचा फोन आला. आवाज दबलेला. 'ताई, मावशींना सुई टोचलीय. पिवळ्या पिशवीत होती. सांगतच नव्हत्या, हात पदरात गुंडाळून जिन्यात बसल्या होत्या.' मावशी कंत्राटी होत्या. सुई टोचल्याचं कळलं तर आपल्यालाच घरी बसवतील, या भीतीने त्यांनी पाऊण तास घालवला होता. सिस्टर या पदावर येऊन दोन महिने झाले होते. तिला सगळं पाठ होतं, पण त्या क्षणी काही आठवेना.

मी एकेक विचारत गेले. धुतलं का? साबण आणि वाहत्या पाण्याने धू. बोट दाबून रक्त काढू नको, स्पिरिट लावू नको. पिशवी कुठल्या वॉर्डातली? सुई कोणत्या पेशंटची, म्हणजे सोर्स कोण, सापडेल का? मावशींनी हिपॅटायटिस बी लसीचे किती डोस घेतलेत? एकच. म्हणजे संरक्षण धरून चालायचं नाही. लस न घेतलेल्या माणसाला अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ६ ते ३० टक्क्यांपर्यंत सांगतात, एचआयव्हीचा साधारण ०.३ टक्के. सगळ्यांच्या डोक्यात एचआयव्हीची भीती असते आणि हिपॅटायटिस बीची लस मात्र राहून जाते.

अडलं कॅज्युअल्टीत. 'कंत्राटी कामगार आहे, आधी सुपरवायझरची सही आणा,' असं तिथले डॉक्टर म्हणत होते. मी सिस्टरला फोन स्पीकरवर ठेवायला सांगितलं. 'डॉक्टर, नमस्कार. सोर्स पेशंट सापडत नाहीये. औषध सुरू करायचं की नाही हा निर्णय तुमचा आहे, पण तो आत्ता व्हायला हवा. सही सकाळीही मिळेल.' एचआयव्ही प्रतिबंधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत द्यायचा असतो आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. त्यांना फक्त मागे कुणीतरी हवं होतं. साडेअकराच्या आत मावशींनी पहिली गोळी घेतली. पुढे २८ दिवस औषध, हिपॅटायटिस बीच्या लसीचे राहिलेले डोस, आणि रक्ताच्या तपासण्या त्याच दिवशी, मग सहा आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी. सहाव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा मावशींनी सिस्टरच्या फोनवरून मला फोन केला. बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या रडल्या.

तेव्हा पहिल्या महिन्यातच हे करा. संघटनेच्या नावाने एक साधं सिम घ्या. तीन अनुभवी माणसांची आठवड्याची पाळी लावा, ज्याची पाळी त्याच्याकडे फोन. फोनच्या मागे एक कार्ड चिकटवा: कधी टोचली, धुतलं का, सुई पोकळ की भरीव, सोर्स कोण, लस किती. उपचार सांगणं हे आपलं काम नाही, ते डॉक्टरांचं. घाबरलेल्या माणसाला क्रम लावून देणं आणि योग्य दारापर्यंत पोचवणं हे आपलं काम. फोन करणाऱ्याला कधीही रागावू नका. एकदा रागावलात की पुढची सुई जिन्यातच लपून राहील.

आणि एक कायद्याची गोष्ट प्रत्येक सभासदाच्या जिभेवर असू द्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणीही करायची आहे. कंत्राटी मावशी आणि मामा त्यात येतात. कंत्राटदाराकडे बोट दाखवून हॉस्पिटलला मोकळं होता येत नाही.

आकडे आणि विश्वास

इथे माझ्याकडून चूक झाली होती, ती लिहिते म्हणजे तुमच्याकडून होणार नाही.

पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी एका सिस्टरला तिच्या आयसीयूचे खरे आकडे स्लाइडवर मांडायला सांगितलं. तिने प्रामाणिकपणे मांडले. कुणीतरी स्लाइडचा फोटो काढला, तो फिरत फिरत तिच्याच हॉस्पिटलच्या मॅनेजमेंटकडे पोचला. तिला लेखी खुलासा द्यावा लागला आणि ती वर्षभर सभेला आली नाही. फोटो कुणीही काढलेला असो, सभागृहात तिला उभं मी केलं होतं. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली.

त्यानंतर नियम केला आणि तो तुम्हीही करा. आकडे सांगायच्या सत्रात फोन दारातल्या टोपलीत. हॉस्पिटलचं नाव घ्यायचं नाही, खाटांची नेमकी संख्याही सांगायची नाही, 'मध्यम' किंवा 'छोटं' एवढंच. वहीत सही करून प्रत्येकाने हे मान्य करायचं.

आकडे मांडायचे कसे, हेही शिकवा, कारण अर्धी भांडणं चुकीच्या हिशोबावरून होतात. सेंट्रल लाइनमुळे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे होणारा रक्ताचा संसर्ग, ज्याला आपण क्लॅबसी म्हणतो, तो दर १००० लाइन-दिवसांमागे मोजतात (एका पेशंटला एक दिवस लाइन असली की एक लाइन-दिवस). लघवीच्या नळीचा कॉटी आणि व्हेंटिलेटरचा व्हॅप हेही असेच, आपापल्या दिवसांवर. ऑपरेशनच्या जखमेचा संसर्ग मात्र दर १०० ऑपरेशनांमागे. आता समजा एका छोट्या आयसीयूत महिन्याला ६० लाइन-दिवस भरले आणि एक संसर्ग झाला. दर आला १६.७. मॅनेजमेंट हादरतं. पुढच्या महिन्यात एकही नाही, दर शून्य, मग पेढे वाटतात. दोन्ही वेळा घाईच झाली. त्याच आयसीयूचे सहा महिने एकत्र धरले, ४१० लाइन-दिवस आणि दोन संसर्ग, तर दर येतो ४.९. हा आकडा बोलण्यासारखा आहे. छोट्या हॉस्पिटलच्या सिस्टरला हा हिशोब कागदावर करून दाखवा. दर महिन्याच्या मीटिंगला पोटात गोळा घेऊन जाणारी सिस्टर एवढ्यानेच सावरते.

एक गोष्ट मी नव्या सिस्टरांना आवर्जून सांगते. व्हिएन्नात डॉक्टर सेमेलवाइसने १८४७ साली क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्याच्या वॉर्डातलं बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास होतं, ते उन्हाळ्यापर्यंत दोन टक्क्यांच्या आसपास आलं. तरीही १८४९ मध्ये त्याची मुदत वाढवली गेली नाही. आकडे त्याच्या बाजूने होते, काही सहकारी डॉक्टरही होते, पण त्याच्या वरिष्ठांपुढे तेवढं पुरलं नाही. आपल्या सिस्टरवर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी तर आपण जमतो.

नोंदणी, पैसा, कागद

लगेच नोंदणीच्या मागे धावू नका. सहा महिने-वर्ष नुसतं एकत्र जमा, कोण टिकतं ते कळू द्या. मग नोंदणी करा, कारण बँक खातं, हॉल आणि सरकारी पत्रव्यवहार सगळं तिथे अडतं.

महाराष्ट्रात अशी संस्था सोसायटी नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० या दोन्हींखाली नोंदवतात, काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून चालतं. किमान सात सभासद लागतात, उद्देशपत्र आणि नियमावली लागते. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. कार्यालयाचा पत्ता ठरवताना हे ध्यानात ठेवा आणि नियमावलीत कार्यक्षेत्र दोन्ही जिल्ह्यांचं लिहा. नियमावली कुणाची तरी उचलून नाव बदलून देऊ नका. अध्यक्षाचा कार्यकाळ दोन वर्षं आणि सलग दोनदाच, हे कलम पहिल्या दिवशीच घाला. नंतर ते घालायला कुणाचं मन होत नाही.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. मी पद घेतलं तेव्हा आधीच्या दोन बदलांचा रिपोर्टच दिलेला नव्हता. बँकेने सह्या बदलून द्यायला नकार दिला आणि पाच महिने आम्ही हॉलचं भाडं स्वतःच्या पाकिटातून भरलं. म्हणून ज्या दिवशी निवड होते, त्याच सभेत ठरावाची प्रत टाइप करून सह्या घ्या. हिशोब ३१ मार्चला बंद करा, ऑडिट वेळेत करून घ्या. पॅन काढा, खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा. बाराशे रुपयांच्या चहाचंसुद्धा बिल हवं.

वर्गणी आम्ही वर्षाला ५०० ठेवली होती. हाउसकीपिंगच्या लोकांना माफ. बाकी पैसा कंपन्यांकडून येऊ शकतो: सॅनिटायझर, ग्लोव्हज, डिसइन्फेक्टंट विकणारे प्रतिनिधी तुम्हाला शोधत येतील. ते वाईट नाहीत, पण सीमा तुम्ही आखायची. आमची अशी होती: बाहेर टेबल मांडा, आत भाषण नाही. स्लाइडवर ब्रँडचं नाव नाही. एका कंपनीचा पैसा वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्श्याच्या वर नाही. बक्षीस म्हणून पाकीट, साडी, कुपन काही नाही. उद्या सिस्टर खरेदी समितीत 'हे हायपो (जंतुनाशक द्रावण) पातळ आहे' असं म्हणेल, तेव्हा तिच्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा मिळता कामा नये.

काय शिकवायचं, कधी शिकवायचं

वर्षाची काही टोकं ठरलेली आहेत. ५ मे हा जागतिक हात-स्वच्छता दिन. ३० जूनपर्यंत हॉस्पिटलांना कचऱ्याचा वार्षिक अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा असतो, म्हणून मेअखेरीला नर्सिंग होमच्या सिस्टरांना एकत्र बसवून तो भरून घ्या, त्यांना याचा फार उपयोग होतो. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा संसर्ग प्रतिबंधाचा. १८ ते २४ नोव्हेंबर अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंविषयी. गणपतीच्या दिवसांत काही ठेवू नका. निम्मा स्टाफ गावी असतो आणि उरलेला डबल ड्युटीवर. त्यांना त्या दिवसांत प्रशिक्षण नको असतं, विश्रांती हवी असते.

पण आपल्याकडचा खरा विषय पावसाळा आहे आणि तो आयात केलेल्या कुठल्याही स्लाइडमध्ये नसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात ओटीच्या फॉल्स सीलिंगवर वहीएवढा ओला डाग दिसतो. मेंटेनन्सवाले रंग मारून देतात. त्यामागे बुरशी वाढते, आणि केमोथेरपीच्या पेशंटला संसर्ग व्हायला हवेतून आलेली ती पुरेशी असते. चादरी वाळत नाहीत, दमट तशाच घडी घालून कपाटात जातात. वीज गेली की ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची सायकल मध्येच तुटते. घाईत कुणी तोच ट्रे बाहेर काढला तर वरून तो अगदी कोरडा, स्वच्छ दिसतो. सायकल तुटली तर पूर्ण पुन्हा चालवायची, इंडिकेटर (निर्जंतुकीकरण झालं का ते दाखवणारी पट्टी) बदलायचा, नोंद करायची. हे सीएसएसडीच्या टेक्निशियनला सांगायला लावा. तो स्वतःच्या तोंडाने सांगतो तेव्हा सिस्टरांना पटतं. मेच्या शेवटच्या सभेत प्रत्येकीने आपल्या हॉस्पिटलमधल्या तीन ओल्या जागा सांगायच्या, एवढाच कार्यक्रम ठेवा. दोन तास पुरत नाहीत.

हात धुण्याचं प्रशिक्षण स्लाइडवर देऊ नका. अतिनील प्रकाशात चमकणारी पावडर आणि अतिनील (यूव्ही) प्रकाशाची टॉर्च घ्या. सगळ्यांच्या हाताला पावडर लावा, मग नेहमीसारखे हात धुवायला सांगा. दिवे बंद करून टॉर्च लावा. तळहात काळेभोर स्वच्छ दिसतात. अंगठ्याचं मूळ, बोटांची टोकं, नखांच्या कडा आणि अंगठीखालची रेघ मात्र चांदण्यासारखी लखलखते. त्या अंधारात एक क्षण कुणीच बोलत नाही. वीस वर्षं नोकरी केलेल्या मेट्रन स्वतःचा अंगठा वळवून वळवून बघतात. मग सांगा: अल्कोहोल रब २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद, आणि अंगठा वेगळा धरून.

अंगठीवरून बांगड्यांचा विषय निघतोच. नवीन लग्न झालेली सिस्टर हिरवा चुडा घालून ड्युटीवर येते. कोपराखाली काही नको, हा नियम बरोबर आहे. पण 'बांगड्या काढ' असं वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणू नका, तो घाव लागतो. बाजूला घ्या, खिशात ठेवायला छोटी कापडी पिशवी द्या, 'ड्युटी सुटली की परत घाल' म्हणा. आमच्या एका ज्येष्ठ ताईंनी तर एका मुलीच्या सासूबाईंना फोन करून समजावलं होतं. सासूबाई म्हणाल्या, 'पेशंटच्या भल्यासाठी आहे ना, मग घरी आल्यावर घालेल की.' तेव्हापासून तो विषय त्या हॉस्पिटलमध्ये सोपा झाला.

कार्यक्रमाला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट मिळवायचे असतील तर परवानगीचा अर्ज बराच आधी करा. नोंदणीच्या नूतनीकरणाला ते लागतात आणि मेट्रनकडून सुट्टी मिळवायलाही.

सभासदाच्या पाठीशी उभं राहताना

कधीतरी फोन येईल: 'ताई, ग्लोव्हज धुऊन परत वापरायला सांगताहेत.' किंवा, 'मी ऑडिटमध्ये खरं लिहिलं म्हणून मला नाइटला टाकलं.' तुमचं रक्त तापेल. तरी त्या रात्री काही लिहू नका.

पहिला प्रश्न तिला विचारा: मी यात बोलू का? ती नाही म्हणाली तर नाही. नोकरी तिची आहे. ती हो म्हणाली तर आधी हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या अध्यक्षांना भेटा, नाव न घेता विषय काढा. बरीच प्रकरणं चहाच्या कपावर मिटतात, कारण वरच्यांना खाली काय चाललंय हे माहीतच नसतं. नाही मिटलं तर पत्र. पत्र एका पानाचं, तक्रारीचा सूर नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जानेवारी २०२० च्या संसर्ग प्रतिबंधाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा किंवा कचऱ्याच्या नियमांचा नेमका संदर्भ द्या, हॉस्पिटल एनएबीएच (हॉस्पिटलांना दर्जाचं मानांकन देणारी संस्था) मानांकित असेल तर त्यांच्या मानकांतल्या इन्फेक्शन कंट्रोलच्या प्रकरणाचा द्या, आणि शेवटी प्रशिक्षणाची मदत देऊ करा. जावक क्रमांक टाका, आवक शिक्का मारून प्रत घेऊन या. शिक्क्याशिवाय दिलेलं पत्र दिलंच नाही असं समजा.

पेशंटच्या जिवाशी खेळ चालू असेल, सिरिंज परत वापरली जात असेल, तर मात्र कमिटी, चहा यात दिवस घालवायचे नाहीत. सभासदाचं नाव झाकून संघटनेच्या नावाने महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जायचं, त्याच दिवशी. वर्तमानपत्रात जाण्याच्या मी विरोधात आहे. बातमी दोन दिवस टिकते आणि सिस्टर कायमची अडकते.

सरकारी हॉस्पिटलांशी नातं वेगळं ठेवा. २०१५ पासून सरकारी हॉस्पिटलांच्या स्वच्छतेसाठीच्या कायाकल्प पुरस्कारात संसर्ग नियंत्रण आणि कचरा व्यवस्थापनाला गुण असतात, त्यामुळे तिथल्या मेट्रनना मदत हवीच असते. आम्ही दरवर्षी दोन प्रशिक्षणं विनामूल्य देत होतो. मोबदल्यात त्यांचा हॉल मिळे, आणि त्यांच्या मावशींकडून आम्ही जे शिकलो, ते कुठल्या परिषदेत मिळालं नसतं.

पद सोडताना

हे शेवटी लिहिते आहे, पण याची तयारी पद घेतल्यावर सहा महिन्यांतच सुरू करायची. तुमच्यानंतरची दोन माणसं हेरा, एक ठाण्याकडची, एक नवी मुंबईकडची. त्यांना सभा चालवू द्या, पत्राचा मसुदा करू द्या, कंपनीच्या प्रतिनिधीला 'नाही' म्हणू द्या. फोनच्या पाळीत त्यांचं नाव घाला आणि पहिल्या वेळी शेजारी बसा.

शेवटच्या सभेत एका फाइलमध्ये हे द्या: नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत, नियमावली, सगळे चेंज रिपोर्ट शिक्क्यांसह, ऑडिट, चेकबुक, सभासदांची वही, आवक-जावक रजिस्टर, ईमेलचा पासवर्ड बंद पाकिटात. पावडर आणि टॉर्च वेगळ्या डब्यात, टॉर्चचे सेल काढून, नाहीतर ते आतच फुटतात. गोपनीय प्रकरणांचे कागद सभेत देऊ नका, ते नव्या अध्यक्षांना एकटीला भेटून द्या.

आणि फोनचं सिम त्यांच्या हँडसेटमध्ये त्यांच्यासमोरच घाला, तिथल्या तिथे तुमच्या नंबरवरून एकदा लावा, आणि रिंग वाजते आहे हे दोघींनी ऐका.